वर्गणीसाठी केलेली यादी: हाथीट्रस्ट आणि २०२० मधली तात्पुरती सेवा

मार्च २०२० च्या मध्यावर अमेरिकेतल्या विद्यापीठांची ग्रंथालयं एकामागून एक बंद झाली. वर्ग ऑनलाइन गेले, वसतिगृहं रिकामी झाली, देवघेवीच्या टेबलामागे कुणी उरलं नाही. ज्या पुस्तकांवर कुणाच्या प्रबंधाचं पुढचं प्रकरण अडलं होतं, ती पुस्तकं जागच्या जागी होती, फक्त कुलपाआड. आंतरग्रंथालयीन देवघेवही थांबली, कारण पुस्तक काढून पाकिटात घालणारे हात घरी होते.

३१ मार्चला, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत, हाथीट्रस्ट या शैक्षणिक ग्रंथालयांच्या सामायिक डिजिटल भांडाराने सदस्य ग्रंथालयांसाठी एक तात्पुरती सेवा सुरू केली. एखाद्या ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर त्या ग्रंथालयाच्या वाचकाला त्याच पुस्तकाची डिजिटल प्रत घरून वाचता येऊ लागली. यात प्रताधिकाराची मुदत अजून न संपलेली पुस्तकंही आली, आणि एरवी तीच पुस्तकं पडद्यावर उघडत नसत.

दोन आठवड्यांत एवढं कसं उभं राहिलं, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. या प्रकरणाचा मागोवा घेताना मला एकच उत्तर पुन्हा पुन्हा सापडत गेलं. ते दोन आठवड्यांत उभं राहिलं नव्हतं. त्याच्या तळाशी एक रूक्ष यादी होती, कोणत्या ग्रंथालयाकडे कोणतं पुस्तक आहे याची. आणि ती यादी करायला लावली होती वर्गणीच्या हिशेबाने. ग्रंथालयांच्या सहकार्याबद्दल आपण बोलतो तेव्हा करारनामे, बैठका, उद्घाटनं यांबद्दल बोलतो. या प्रकरणात काम केलं ते यादीने, म्हणून ते सविस्तर मांडावंसं वाटतं.

भांडार कसं जमलं

डिसेंबर २००४ मध्ये गूगलने पाच मोठ्या ग्रंथालयांची पुस्तकं स्कॅन करण्याची घोषणा केली: मिशिगन, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय. एकट्या मिशिगन विद्यापीठाचा संग्रह सुमारे ७० लाख खंडांचा. तोवर तिथली मंडळी स्वतः स्कॅनिंग करतच होती, पण त्या वेगाने सगळा संग्रह व्हायला कित्येक पिढ्या लागल्या असत्या. मिशिगनच्या करारात एक कलम होतं: स्कॅन झालेल्या प्रत्येक पुस्तकाची डिजिटल प्रत ग्रंथालयालाही मिळेल. पुढचं सगळं या एका कलमावर उभं आहे. स्कॅनिंगसाठी पुस्तकं बाहेर देणाऱ्या कोणत्याही ग्रंथालयाने हे कलम आधी शोधावं. प्रत आपल्या हातात आली नाही तर जतन दुसऱ्याच्या मर्जीवर राहतं.

प्रत हातात आल्यावर पुढचा पेच आला: ती ठेवायची कुठे? प्रत्येक विद्यापीठाने स्वतःचे सर्व्हर, स्वतःची माणसं, स्वतःचा बॅकअप उभा करायचा, तर एकाच पुस्तकाच्या वीस डिजिटल प्रती वीस ठिकाणी सांभाळायचा खर्च. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतली विद्यापीठं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची संकुलं यांनी मिळून हाथीट्रस्ट सुरू केलं. मुख्य साठा मिशिगनच्या ॲन आर्बरला, त्याचं प्रतिबिंब इंडियाना विद्यापीठाकडे इंडियानापोलिसला, शिवाय टेपवर आणखी एक प्रत. नावातला ‘हाथी’ म्हणजे आपला हत्तीच. काही न विसरणारा, अवाढव्य आणि विश्वासाचा प्राणी म्हणून हिंदीतला शब्द त्यांनी मुद्दाम उचलला. इंग्रजी उच्चारात तो ‘हाती’च्या जवळ जातो, म्हणजे योगायोगाने मराठीच्या जवळ येतो.

डिजिटल जतन म्हणजे फाइल कॉपी करून ठेवणं, असा समज अजून दिसतो. फाइल बिघडते तेव्हा आवाज होत नाही. कागदाला वाळवी लागली तर भुकटी दिसते. फाइलमधला एक बिट उलटला तर ती उघडेपर्यंत कळत नाही, आणि दुर्मीळ पुस्तकाची फाइल दहा वर्षं कुणी उघडत नाही. म्हणून प्रत्येक फाइलवरून गणिताने एक छोटा आकडा काढून ठेवतात. ठरावीक काळाने तो पुन्हा काढून जुन्याशी ताडतात. जुळला नाही तर दुसऱ्या ठिकाणची शाबूत प्रत आणून बसवतात. हे काम कधी संपत नाही आणि त्यातून दाखवण्यासारखं काही निघत नाही. २०११ मध्ये सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज या संस्थेने भांडाराची तपासणी करून ते विश्वासार्ह असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

२०२० पर्यंत भांडारात १ कोटी ७० लाखांवर खंड जमले होते. त्यांतले साधारण चार दशांश प्रताधिकारमुक्त, म्हणजे वाचायला खुले. उरलेल्या सहा दशांशांत फक्त शोध घेता यायचा: तुमचा शब्द कोणकोणत्या पानांवर आहे ते पानांचे क्रमांक दिसत, पान दिसत नसे. पुस्तक हवं तर आपल्या ग्रंथालयात जा. मार्चमध्ये नेमका तोच रस्ता बंद झाला.

यादीची गोष्ट

आता त्या यादीकडे. सामायिक भांडार म्हटलं की खर्चाची वाटणी आली. आधी ज्याने जितकी पुस्तकं भरली तितका खर्च त्याच्यावर, असं सूत्र होतं. स्वतःची पुस्तकं स्कॅन न केलेली ग्रंथालयंही सदस्य व्हायला लागली तेव्हा ते तोकडं पडलं. २०१३ पासून नवं सूत्र आलं. प्रताधिकारमुक्त पुस्तकांचा खर्च सगळ्या सदस्यांनी सारखा उचलायचा. प्रताधिकारातल्या पुस्तकांचा खर्च मात्र ज्यांच्याकडे त्या पुस्तकाची छापील प्रत आहे किंवा होती, त्यांच्यातच वाटायचा. चाळीस ग्रंथालयांकडे असलेल्या पुस्तकाचा खर्च चाळिसांत, तिघांकडेच असलेल्याचा तिघांत.

मला हे सूत्र न्याय्य वाटतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते शहाणपणाचं होतं. खर्च असा वाटायचा तर प्रत्येक सदस्याने आपल्याकडे काय आहे ते सांगितलंच पाहिजे. सद्भावनेपोटी अशी यादी मागितली असती तर अर्ध्यांनी पाठवली नसती. वर्गणी तिच्यावर ठरणार म्हटल्यावर सगळ्यांनी पाठवली.

यादीचं रूप अगदी साधं होतं. तीन फाइली: एका खंडाची पुस्तकं, अनेक खंडांची पुस्तकं, नियतकालिकं. एका ओळीत एक प्रत. ओळीत ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेचा नोंदक्रमांक, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या सामायिक तालिकेतला (कॅटलॉगमधला) त्या आवृत्तीचा क्रमांक. मग ग्रंथालयाच्या स्वतःच्या संगणकातला नोंदक्रमांक. मग प्रतीची स्थिती. स्थितीला तीनच खुणा: ‘सीएच’ म्हणजे सध्या संग्रहात आहे, ‘एलएम’ म्हणजे हरवली किंवा सापडत नाही, ‘डब्ल्यूडी’ म्हणजे बाद केली. अवस्थेच्या रकान्यात एकच खूण, ‘बीआरटी’, म्हणजे कागद ठिसूळ झाला आहे. अनेक खंडांच्या फाइलीत कोणता खंड तेही लिहायचं.

या खुणांमागे कायदा आहे. अमेरिकी प्रताधिकार कायद्याच्या कलम १०८ नुसार ग्रंथालयाची प्रत खराब झाली, हरवली किंवा चोरीला गेली, आणि वाजवी किमतीत नवी न वापरलेली प्रत मिळत नसेल, तर ग्रंथालय बदली प्रत करू शकतं. म्हणजे ‘हरवली’ ही कबुली देणाऱ्या ग्रंथालयाला तिचा उपयोग होता. आपल्याकडचं पुस्तक सापडत नाही हे लिहून द्यायला ग्रंथपालाचा हात अडखळतो, कारण हरवलेलं पुस्तक हा ठपका मानला जातो. इथे त्या ओळीमुळे पुस्तक वाचकापर्यंत पुन्हा पोचण्याची शक्यता होती. खरं बोलण्याचा मोबदला यंत्रणेतच ठेवलेला आहे, हे मला या सगळ्या रचनेतलं सर्वांत चांगलं वाटतं.

ज्यांनी कधी ग्रंथपडताळणी केली आहे त्यांना ही यादी म्हणजे काय ते डोळ्यांपुढे येईल. एक जण फडताळापुढे उभा राहून दाखलक्रमांक वाचतो, दुसरा नोंदवहीत खूण करतो. दुपारनंतर आवाज बसतो, बोटं काळी होतात. मधेच एक पुस्तक निघतं ज्यावर क्रमांक आहे पण वहीत नाव दुसरंच आहे. मग वहीत नाव आहे पण फडताळावर जागा रिकामी. आणि जुन्या तालिकापत्रांवरून घाईने संगणकात चढवलेल्या नोंदी, ज्यांत सामायिक क्रमांकच टाकलेला नाही. अशा पुस्तकाला हाथीट्रस्टच्या लेखी अस्तित्व नव्हतं. जुळणी क्रमांकावरून व्हायची. ज्या ओळीत क्रमांक नाही तिचं कशाशीच जुळत नाही. पुस्तक समोर फडताळावर, त्याची डिजिटल प्रत भांडारात, आणि दोघांमधला धागा तुटलेला. हे दोष कुठल्याही ग्रंथालयात असतात. फरक एवढाच की बहुतेक ठिकाणी ते पुढच्या पडताळणीपर्यंत झाकलेले राहतात.

एका प्रतीला एक वाचक

३१ मार्चच्या सेवेचा नियम एका वाक्यात सांगता येतो: तुमच्या ग्रंथालयाने जितक्या छापील प्रती नोंदवल्या आहेत तितकेच वाचक एका वेळी ती डिजिटल प्रत उघडू शकतील. एक प्रत असेल तर एक वाचक. तो वाचत असताना दुसऱ्याने थांबायचं. प्रवेश विद्यापीठाच्या खात्यातूनच, एका वेळी साधारण तासाभरापुरता. हवं तर पुन्हा घ्यायचा. प्रताधिकारातलं पुस्तक अख्खं उतरवून घ्यायची सोय नाही. आणि ग्रंथालय खरोखरच बंद असलं पाहिजे किंवा छापील संग्रहापर्यंत वाचकाला पोचता येत नसलं पाहिजे. नेहमीच्या दिवसांत ही सेवा मागता येत नव्हती.

इथे यादीची कामगिरी उघड होते. एक प्रत तर एक वाचक हे म्हणायला सोपं आहे. पण प्रत आहे हे भांडाराला कळणार कसं? शेकडो ग्रंथालयांच्या कोट्यवधी प्रती त्या पंधरवड्यात मोजणं अशक्यच होतं, कारण मोजणारे घरी बसले होते. मोजणी आधी झालेली होती, वर्गणीपायी. तिचा अर्थ फक्त बदलला: काल ती ‘तुम्ही किती द्यायचं’ सांगत होती, आज ‘तुमच्या किती वाचकांना आत घ्यायचं’ सांगू लागली.

ज्यांची यादी नीट होती त्यांच्या वाचकांना जास्त पुस्तकं मिळाली. ज्यांची अर्धवट होती त्यांच्या वाचकांना कमी. तालिकेतली एक रिकामी जागा वाचकाच्या पडद्यावर ‘फक्त शोध’ म्हणून उमटली, आणि त्या वाचकाला कारण कळायचा मार्ग नव्हता.

आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाचा सगळा संग्रह भांडारात नव्हता. ओसीएलसीच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की उत्तर अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या छापील संग्रहाचा साधारण तीस टक्के भाग हाथीट्रस्टमध्ये आधीच होता. तो वाटा पुढे वाढत गेला. पण नवीन पुस्तकं, स्कॅनिंगमधून सुटलेली पुस्तकं, विशेष संग्रह, हस्तलिखितं आणि छोट्या भाषांतली बरीच प्रकाशनं या सेवेत नव्हतीच. ज्यांचं संशोधन अशा साहित्यावर होतं त्यांच्यासाठी मार्चमधलं कुलूप तसंच राहिलं.

न्यायालयाने काय दिलं होतं, काय नव्हतं

एवढं धाडस करायला पाठीशी एक जुना खटला होता. सप्टेंबर २०११ मध्ये ऑथर्स गिल्ड ही लेखकांची संघटना आणि इतर काही जणांनी हाथीट्रस्टवर आणि मिशिगन, कॅलिफोर्निया, विस्कॉन्सिन, इंडियाना व कॉर्नेल या विद्यापीठांवर दावा लावला. डिजिटल प्रती जप्त करून कुलपात ठेवाव्यात अशी मागणी होती. त्याच सुमारास मिशिगनने हक्कधारक सापडत नाहीत अशा पुस्तकांची एक छोटी यादी खुली करायचं ठरवलं होतं. त्या यादीतल्या काहींचे हक्कधारक लोकांनी थोड्याच दिवसांत शोधून काढले आणि योजना तिथेच थांबवावी लागली. त्या चुकीकडे मी गंभीरपणे पाहतो. ‘आम्ही शोधलं, कुणी सापडलं नाही’ असं म्हणणारी यादी कच्ची निघाली, आणि त्याची किंमत हेतू चांगला असूनही मोजावी लागली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायाधीश हॅरल्ड बेअर यांनी ग्रंथालयांच्या बाजूने निकाल दिला. १० जून २०१४ ला अपील न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट मान्य केल्या: पूर्ण मजकुरात शोध देणं हा न्याय्य वापर (फेअर यूज), म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवायही कायद्याला चालणारा वापर आहे, आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्या अंध व अपंग वाचकांना पूर्ण पुस्तक देणं हाही न्याय्य वापर आहे. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या खटल्यात स्वतःहून सामील झाली होती. एकेक पुस्तक मागणीनुसार स्कॅन करून मिळेपर्यंत सत्र संपायचं, तिथे अंध विद्यार्थ्यांना अख्खं ग्रंथालय उघडं झालं. मला हाथीट्रस्टची ही बाजू २०२० च्या सेवेपेक्षाही मोठी वाटते, कारण ती तात्पुरती नव्हती.

जतनासाठी ठेवलेल्या प्रतींतून बदली प्रत काढण्याचा प्रश्न मात्र न्यायालयाने निकालात काढला नाही. ज्यांनी दावा लावला त्यांच्या पुस्तकांवर ती वेळ येणार आहे का, हेच ठरलेलं नाही, म्हणून तो भाग खालच्या न्यायालयाकडे परत गेला आणि जानेवारी २०१५ मध्ये निवाडा न होताच खटला संपला.

म्हणजे बंद ग्रंथालयाच्या वाचकाला प्रताधिकारातलं पूर्ण पुस्तक पडद्यावर देण्याला कोणत्याही न्यायालयाने आधी हो म्हटलेलं नव्हतं. हाथीट्रस्टने न्याय्य वापराच्या आधारावर स्वतःची मर्यादा आखून पाऊल टाकलं. शेजारी दुसरं उदाहरण घडत होतं. इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने २४ मार्च २०२० ला आपल्या डिजिटल पुस्तकांच्या प्रतीक्षायाद्या उठवल्या. एका वेळी कितीही जणांना पुस्तक मिळू लागलं. १ जूनला चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, जूनच्या मध्यावर ती सोय बंद झाली, मार्च २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरुद्ध गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. हाथीट्रस्टच्या सेवेवर कुणी दावा लावला नाही.

हा फरक फक्त मोजणीमुळे पडला असं म्हणणं अपुरं ठरेल. विद्यापीठांच्या भांडारात बाजारात न मिळणारी अभ्यासाची पुस्तकं जास्त. आर्काइव्हवरच्या दाव्यात विक्रीत असलेली लोकप्रिय पुस्तकं होती, आणि तो दावा त्यांच्या एरवीच्या डिजिटल देवघेवीवरही होता. तरीही दोन्हीकडची तळमळ सारखीच होती, वाचकाला पुस्तक मिळावं ही. फरक असा की हाथीट्रस्टकडे प्रत्येक उघडलेल्या पानामागे कुठल्यातरी फडताळावरची एक नोंदवलेली प्रत दाखवता येत होती.

छापील प्रत थांबवायची

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग उन्हाळ्यानंतर आला. ‘एका प्रतीला एक वाचक’ हे खरं राहायचं तर छापील प्रत त्याच वेळी बाहेर जाता कामा नये. म्हणून सेवा चालू असलेल्या ग्रंथालयाने भांडारातल्या पुस्तकांच्या छापील प्रती देवघेवीला द्यायच्या नाहीत, अशी अट होती. सगळं बंद असताना ही अट जाणवलीच नाही. पण काही ग्रंथालयांनी दारात पुस्तक ठेवून नेण्याची सोय सुरू केली, कर्मचारी पुन्हा फडताळांमध्ये जाऊ लागले, आणि अट टोचू लागली.

प्रसंग डोळ्यांपुढे आणा. कर्मचारी आत आहे, पुस्तक हातात आहे, वाचक दाराबाहेर उभा आहे. संगणक सांगतो: हे देता येणार नाही, पडद्यावर वाचा. वाचकाला तीनशे पानांचं पुस्तक तासातासाच्या तुकड्यांत पडद्यावर वाचायचं आहे, डोळे दुखताहेत, घरी इंटरनेट अडखळतंय. दुसरीकडे हजार किलोमीटरवर गेलेला विद्यार्थी, ज्याच्यासाठी पडदा हाच एक रस्ता. सेवा चालू ठेवली तर पहिल्यावर अन्याय, बंद केली तर दुसऱ्यावर. निवड पुस्तकागणिक करता येत नव्हती. अख्ख्या ग्रंथालयाने एक बाजू घ्यायची होती.

अनेक विद्यापीठांनी सेवा २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवली आणि वर्ग पूर्ववत होताना बंद केली. माझ्या मते ते बरोबर होतं, कारण दूर असलेल्याला पर्याय नव्हता आणि जवळ असलेल्याला अडचणीचा का होईना, पर्याय होता. पण ज्यांनी आधी थांबवली त्यांना मी दोष देणार नाही. आपला वाचक कुठे आहे हे ज्याचं त्याला ठाऊक.

सहकार्यात स्थानिक अधिकार काही प्रमाणात सोडावा लागतो, हे आपण कागदावर मान्य करतो. आपल्याच इमारतीतलं, आपल्याच पैशाने घेतलेलं पुस्तक समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायला लागतं, तेव्हा ते मान्य करणं म्हणजे काय ते कळतं.

कागद ठेवायचा कुणी

या सेवेने एक गैरसमज खोडायला मदत केली, असं मला वाटतं. डिजिटल प्रत आली की छापील प्रत हलवा, जागा मोकळी करा, हा दबाव प्रत्येक शैक्षणिक ग्रंथालयावर आहे. २०२० मध्ये डिजिटल प्रत उघडली ती छापील प्रतीच्या जोरावर.

कागद ठेवण्याचं दुसरं कारण स्कॅनमध्येच दिसतं. गूगलचं काम वेगाचं होतं. कित्येक पुस्तकांत पान उलटणाऱ्याची बोटं पानासकट उमटली आहेत, कधी बोटावरच्या रबरी टोपीसह. त्याहून नुकसानीची गोष्ट म्हणजे घडी घातलेले नकाशे आणि तक्ते. ते उलगडले गेले नाहीत. घडी तशीच स्कॅन झाली. पडद्यावर नकाशाची मागची कोरी बाजू आणि घडीची रेघ दिसते. नदी, रस्ते, सीमा सगळं आत. तो नकाशा वाचायचा तर कुठेतरी ते पुस्तक उरलेलं असलं पाहिजे आणि कुठे ते माहीत असलं पाहिजे.

हाथीट्रस्टच्या सदस्यांनी ऑक्टोबर २०११ च्या अधिवेशनातच ठरवलं होतं की भांडारात ज्यांची डिजिटल प्रत आहे अशा पुस्तकांच्या छापील प्रतीही वाटून सांभाळायच्या. प्रत्यक्षात यायला काही वर्षं गेली. २०१७ मध्ये पहिल्या टप्प्यात सुमारे ५० ग्रंथालयांनी मिळून १ कोटी ६० लाखांवर खंड २५ वर्षं सांभाळण्याचं वचन दिलं. त्यांत सुमारे ४८ लाख वेगवेगळी पुस्तकं होती. नवं गोदाम बांधलं नाही. पुस्तकं जिथे होती तिथेच राहिली आणि देवघेवीत राहिली. कोणी कोणती ठेवायची ते ठरवायला पुन्हा तीच यादी कामाला आली.

यादीत आहे म्हणजे फडताळावर आहे का? अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ग्रंथालयांच्या ईस्ट या दुसऱ्या सामायिक उपक्रमाने हे तपासून पाहिलं. हजारो पुस्तकांचे नमुने काढून कर्मचारी फडताळापाशी गेले. सरासरी ९७ टक्के पुस्तकं सापडली. आकडा चांगला आहे, पण उलट बाजूने वाचावा: लाखामागे तीन हजार पुस्तकं यादीत आहेत आणि जागेवर नाहीत. ज्या पुस्तकाच्या चाळीस प्रती चाळीस ठिकाणी आहेत त्याला याने धक्का लागत नाही. ज्याची एकच प्रत ठेवायचं ठरलं आणि नेमकी तीच त्या तीन हजारांत निघाली, ते पुस्तक कागदावर जपलेलं आणि खरं तर गेलेलं. म्हणून एका प्रतीवर समाधान मानणाऱ्या योजनांबद्दल मला धास्ती वाटते. दुर्मीळ पुस्तकाच्या किमान दोन प्रती, दोन वेगळ्या छपरांखाली, आणि त्यांतली एक तरी पानं मोजून तपासलेली, एवढा आग्रह धरायलाच हवा. पानं मोजायला माणूस लागतो आणि वेळ लागतो. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने दिसला नाही तर तो होत नाही.

वचन दिलेल्या प्रतीची खूण तालिकेतच करतात. मार्क नोंदीत, म्हणजे संगणकातल्या तालिकानोंदीच्या ठरलेल्या साच्यात, ५८३ क्रमांकाचं एक क्षेत्र आहे, जतनासंबंधीच्या कृती टिपायचं. त्यात लिहिलं जातं: ही प्रत राखण्याचं वचन दिलं आहे, कोणत्या उपक्रमाखाली, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत.

वचन देणारा ग्रंथपाल तोवर निवृत्त झालेला असेल. बैठकांची इतिवृत्तं कुठल्या कपाटात आहेत हे कुणाला ठाऊक नसेल. बाद करायच्या पुस्तकांची गाडी भरत असताना एखादा नवा कर्मचारी एक जुनं, फिकट कापडी बांधणीचं पुस्तक उचलेल. गेल्या तीस वर्षांत कुणी नेलेलं नाही, मागच्या पानाला घडी घातलेला नकाशा आहे. तो बारकोड वाचून घेईल आणि पडद्यावर ५८३ ची ओळ येईल. मग तो पुस्तक गाडीतून काढून परत फडताळावर, त्याच्या क्रमांकाच्या जागी लावेल.